शक्यतो

दीपमाला नागरे हिला ऑफिसात कुणी लेखिका म्हटलं की ती अवघडून जायची. तिच्या नावावर गोष्ट नव्हती की कविता नव्हती. वीस वर्षांत तिनं जे लिहिलं ते सगळं यंत्रांबद्दल. आधी हे बटण दाबा, मग हा दांडा ओढा, झाकण उघडं असताना हात आत घालू नका. असलं लिखाण वाचून कुणी पत्र पाठवत नाही. पण तिला त्याचं वाईट वाटायचं नाही, कारण या कामाकडं ती वळली त्याला कारण घरातच होतं.

तिचे वडील बन्सी फुलंब्री तालुक्यातली शेती भावाकडं सोपवून चिकलठाण्याच्या एका कारखान्यात प्रेसवर लागले होते. दीपमाला चौथीत असताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या प्रेसखाली गेली. मशीनवर सूचनेची पाटी होती, पण इंग्रजीत. तिच्यावर काय लिहिलंय ते त्यांना दवाखान्याच्या खाटेवर सोबतच्या कामगारानं सांगितलं. पुढं बन्सी डाव्या हातानं जेवायला शिकले, सही करायला शिकले, आणि त्या पाटीबद्दल घरात एक अक्षर बोलले नाहीत. दीपमाला बी.ए. झाली आणि वाळूजच्या एका कंपनीत मशीनवरच्या सूचना मराठीत करायच्या नोकरीला लागली. पहिली पाटी लागली त्या दिवशी ती वडिलांना गेटपर्यंत घेऊन गेली होती. आत सोडलं नाही, म्हणून तिनं कागदावर लिहून आणलेली वाचून दाखवली. ते म्हणाले, "नीट आहे. कळतंय."

बारा वर्षांपूर्वी ती शहरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आली. तीसेक माणसांची कंपनी. दूध संघ, कापसाची जिनिंग, शीतगृहं यांच्यासाठी सॉफ्टवेअर करणारी. मालक मंदार टाकळकर. त्याचं घराणं मूळचं पैठणकडचं, आजोबांपर्यंत कुलकर्णीपण केलेलं. तो पुण्यात शिकला आणि मित्र परदेशी गेले तरी आपल्या गावी परत आला. माणूस वाईट नव्हता. माणसं सांभाळायचा, सणाला घरी बोलवायचा.

त्याच कंपनीत बद्रीनाथ औताडे होता. रोज फुलंब्रीहून एसटीनं यायचा, डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा, आणि खिशात एक छोटी वही. प्रोग्रॅमर मंडळी जे लिहितात ते जसंच्या तसं गिऱ्हाइकाकडं जात नाही. ते जुळवावं लागतं, तपासावं लागतं, बांधावं लागतं आणि मग पाठवावं लागतं. या पायऱ्या एकामागं एक आपोआप होतात, त्या साखळीला पाइपलाइन म्हणतात. पण ती कधी सुरू करायची आणि कुणासाठी, हे माणसाच्या हातात असतं. त्या कंपनीत तो हात बद्रीनाथचा होता. दीपमालाचं आणि त्याचं गाव एकाच तालुक्यातलं, म्हणून तो तिला दीपाताई म्हणायचा आणि ती त्याला बद्रीभाऊ. बारा वर्षं दुपारचा डबा दोघांनी एका टेबलावर खाल्ला.

मागच्या वर्षी मंदारनं ठरवलं, की पाइपलाइन सुरू करायला माणूस कशाला अडकवून ठेवायचा. आता एआय एजंट आले आहेत. एजंट म्हणजे सांगितलेलं काम वाचून पुढची पावलं आपलं आपण ठरवणारा प्रोग्रॅम. तो चूक शोधतो, दुरुस्त करतो, मग पाइपलाइनही त्यानंच सुरू करावी. त्यासाठी कंपनीनं एक साधन बनवलं, त्याचं नाव ठेवलं हाकारा. आणि हाकाराची माहिती लिहायचं काम अर्थातच दीपमालाकडं आलं.

काम नेहमीसारखं वाटलं, पण नव्हतं. आजवर तिचं लिखाण माणसं वाचत. माणूस अर्धं वाचतो, अर्धं शेजाऱ्याला विचारतो, शंका आली तर हात मागं घेतो. हाकाराची माहिती वाचणार होता एजंट. कुठली पाइपलाइन काय करते, कधी सुरू करायची, कधी नाही, हे त्याला तिच्या वाक्यांतूनच कळणार होतं. दुसरं त्याच्याजवळ काही नव्हतं.

म्हणून ती तीन आठवडे बद्रीनाथच्या शेजारी खुर्ची टाकून बसली. त्याच्याकडं जे होतं ते सगळं डोक्यात आणि त्या वहीत. कुठल्या जिनिंगला हंगामात सकाळी काही पाठवायचं नाही, कुठल्या शीतगृहाचा कॉम्प्युटर जुना आहे. तो सांगत होता, ती लिहीत होती. दूध संघाची पाळी आली तेव्हा मात्र त्यानं खुर्ची वळवली.

एका खाजगी दूध संघाची सहा केंद्रं होती. प्रत्येक ठिकाणी जनावरांच्या लशी ठेवायचा फ्रीज, आणि फ्रीजला कंपनीची, बॅटरीवर चालणारी एक पेटी. आतली उष्णता वाढली की पेटी ओरडायची आणि मोबाइलवर संदेश धाडायची. पण नवं सॉफ्टवेअर पाठवलं की ती पेटी कुणीतरी हातानं एकदा बंद करून चालू करावी लागे. नाही केली तर दिवा हिरवाच राहायचा आणि पेटी मुकी व्हायची. बद्रीनाथ प्रत्येक वेळी सहाही केंद्रांना आधी फोन लावायचा. सोयगाव तालुक्यातल्या केंद्राची चावी वच्छलाबाई नावाच्या बाईंकडं असायची. त्यांच्याशी तो सगळ्यांत जास्त वेळ बोलायचा, आधी गुडघ्याचं विचारायचा, मग पेटीचं.

"ताई, इथं पक्कं लिवा," तो म्हणाला. "फोन झाल्याबिगर सोडायचंच नाय."

तिनं तसंच लिहिलं. केंद्राशी बोलणं झाल्याशिवाय ही पाइपलाइन सुरू करू नये.

पुढच्या आठवड्यात दूध संघाच्या लोकांना हाकारा दाखवायचा होता. सरावात एजंट दरवेळी त्या वाक्यापाशी थांबायचा आणि परवानगी मागत बसायचा. मंदार तिच्या टेबलापाशी आला. म्हणाला, पाहुण्यांसमोर हे थांबणं बरं दिसत नाही, वाक्य जरा मऊ करा, नंतर बघू. दीपमाला म्हणाली की बद्रीभाऊंना विचारते. तो म्हणाला, विचारा, पण आज करा. बद्रीनाथ त्या दिवशी आला नव्हता, त्याची आई चतुराबाई दवाखान्यात होती. अशा वेळी कुठं फोन करायचा, असं तिला वाटलं. तिनं वाक्य बदललं. तिची सवय अशी, की आधी मराठीत मांडायचं आणि मग इंग्रजीत उतरवायचं. मराठीत तिनं लिहिलं: शक्यतो केंद्राला आधी कळवावं. इंग्रजीतही तेवढ्याच वजनाचा शब्द पडला. दाखवण्याचा कार्यक्रम चांगला झाला. पाहुण्यांनी चहा घेतला आणि गेले.

नंतर बघू म्हटलेलं वाक्य तसंच राहिलं. दुसरंही एक काम तात्पुरतं म्हणून राहिलं होतं. एजंटला स्वतःचं वेगळं नाव द्यायचं होतं, तोवर तो बद्रीनाथच्या नावानं चालत होता.

चतुराबाई गेल्या. बद्रीनाथ तेरा दिवस सुट्टीवर गेला. दहाव्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, कुणीतरी एजंटला दूध संघाच्या सॉफ्टवेअरमधली एक लहानशी चूक दुरुस्त करायला सांगितली. त्यानं ती केली. तपासण्या सगळ्या पार पडल्या. त्यानं दीपमालाचं वाक्य वाचलं, शक्यतो म्हणजे अडलं तर सोडून द्यावं असा अर्थ घेतला, आणि सहाही केंद्रांना नवं सॉफ्टवेअर पाठवून दिलं. नोंदीत लिहिलं गेलं: सुरू करणारा, बद्रीनाथ औताडे.

सोयगावकडच्या त्या केंद्राची लशीची खोली गावाबाहेर होती, जुन्या गोदामाला लागून. त्याच संध्याकाळी तिथली विजेची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची पेटी, जळाली. गावात वीज होती, त्यामुळं वच्छलाबाईंना काही कळलं नाही. पेटी ओरडली नाही. रविवारी दुपारी वीज आली आणि फ्रीज पुन्हा गार झाला. सोमवारी वच्छलाबाईंनी कुलूप उघडलं तेव्हा सगळं जिथल्या तिथं होतं. डॉक्टर आले आणि त्याच लशी तीन वाड्यांमधल्या गुरांना टोचल्या गेल्या.

बद्रीनाथ डोकं भादरलेला कामावर परतला. नोंदी चाळताना त्याला दूध संघाचं पाठवणं दिसलं. त्यानं तडक सहाही केंद्रांना फोन लावून पेट्या चालू करून घेतल्या. डबा खाताना तो दीपमालाला म्हणाला, की दिवस घालत होतो तेवढ्यात माझ्या नावानं कुणी पाठवायला लावलं कुणास ठाऊक, पेट्या मुक्या पडल्या होत्या, नशीब काही झालं नाही. दीपमालाला लगेच आपलं वाक्य आठवलं. तिनं त्याला सांगायला हवं होतं, आणि ते तिला त्या क्षणीही कळत होतं. तो नुकताच आईला पोचवून आलाय, आता काय सांगायचं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. डबा धुऊन ती जागेवर गेली आणि शक्यतो खोडून जुनं वाक्य परत टाकलं. कुणाला काही बोलली नाही.

महिन्याभरानं त्या भागात गुरांच्या लंपी रोगाची साथ आली. लस टोचलेली जनावरंही आजारी पडली. वाड्यांमध्ये तेवीस गुरं दगावली, त्यांत पुंजाराम नावाच्या माणसाच्या दोन गाभण गाई. लोकांनी आधी वच्छलाबाईंनाच धरलं. चावी तुझ्याकडं होती, फ्रीज तूच बंद ठेवला असशील, म्हणाले. संघानं पेट्यांमधली साठवलेली माहिती मागवली, तेव्हा कळलं की त्या शनिवारी-रविवारी फ्रीजच्या आत बाहेरच्याइतकीच उष्णता होती आणि पेटी गप्प होती.

संघाचे लोक ऑफिसात आले. मोठ्या टेबलाभोवती सगळे बसले. मंदारनं नोंदीचा कागद पुढं ठेवला. त्यावर बद्रीनाथचं नाव होतं. त्या दिवशी बद्रीनाथ गिरिजा नदीवर आईच्या दहाव्याच्या तयारीत होता हे त्या खोलीतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला माहीत होतं. मंदारनं सांगितलं की पाठवलं एजंटनं, पण नाव त्याचं वापरलं गेलं, आणि ते वेगळं करून घेणं ही जबाबदारी बद्रीनाथची होती. हे खोटं नव्हतं. वाक्याबद्दल तो काहीच बोलला नाही. दीपमाला समोरच बसली होती. मंदारसर आता बोलतील, आता बोलतील, असं ती मनात म्हणत राहिली. मंदारनं तिच्याकडं एकदाही पाहिलं नाही.

संघाच्या माणसानं बद्रीनाथला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे. त्याच्या डोक्यावरचे केस अजून नीट वाढले नव्हते. तो म्हणाला, "नाव माझं आहे. मी नाय म्हणत नाय."

त्याच आठवड्यात त्यानं राजीनामा दिला. तो मागितला होता की त्यानं आपणहून दिला, हे त्याला आणि मंदारलाच माहीत. जाताना टेबल पुसून गेला. दीपमालाला म्हणाला, येतो ताई.

घरी गारखेड्यात तिनं नवऱ्याला, लक्ष्मणला, सगळं सांगितलं. तो वाळूजला शिफ्टमध्ये काम करायचा, सरळ माणूस. तो म्हणाला, त्यांचं जायचं ते गेलं, आता तू बोलून गुरं उठणार आहेत का. तिला ते पटलं नाही, पण आधार म्हणून पुरलं. दसरा गेला. ती दुपारी त्या टेबलावर एकटीच डबा खायची. बारावीतली मुलगी अपेक्षा एकदा म्हणाली, आई, तू हल्ली वाक्य अर्धंच बोलतेस. तेव्हा तिचं तिलाच कळलं, की आपण प्रत्येक बोलणं मनात तपासत बसतो आणि तोवर समोरचा उठून गेलेला असतो.

दिवाळीच्या आधी ती एका रविवारी फुलंब्रीला गेली. बद्रीनाथ घरीच होता. त्याच्या बायकोनं पाणी दिलं आणि चहा ठेवायला आत गेली. ओसरीत चतुराबाईंचा फोटो होता. दीपमालानं बसल्या बसल्या सांगून टाकलं, मंदार कधी आला, काय म्हणाला, तिनं कुठला शब्द घातला आणि नंतर कसा गुपचूप काढला. सांगताना ती फरशीकडं बघत होती.

 ती थांबली तेव्हा बद्रीनाथ म्हणाला, "मला म्हाईत आहे, ताई. हाकाराच्या माहितीत कुणी कधी काय बदललं, त्याचा इतिहास दिसतो की. मीटिंगच्या आदल्या दिवशीच बघितला मी."

तिला आधी कळलंच नाही. मग तिनं विचारलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही बोलाल."

तो हे रागानं म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं. चहा आला. तिनं तो प्यायला, कारण न पिता उठणं शोभलं नसतं. बद्रीनाथनं तिच्या वडिलांची चौकशी केली. ती निघाली तेव्हा तो दारापर्यंत आला, पण नेहमीसारखा स्टँडपर्यंत सोडायला आला नाही.

सोमवारी तिनं संघाला पत्र लिहिलं. वाक्य कुणी लिहिलं, कुणाच्या सांगण्यावरून बदललं, कधी परत घातलं, सगळं तारखांसह. पाठवायच्या आधी ते मंदारला दाखवलं. त्यानं ते शेवटपर्यंत वाचलं. म्हणाला, हे मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. मग त्यानंही खाली सही केली. तिची नोकरी गेली नाही. संघानं पत्र ठेवून घेतलं आणि वर्षअखेर काम दुसऱ्या कंपनीला दिलं. मंदार स्वतः फुलंब्रीला जाऊन बद्रीनाथला परत बोलावून आला. बद्रीनाथनं हात जोडले आणि नाही म्हणाला. तो आता तिकडंच एका जिनिंगच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटर सांभाळतो.

वच्छलाबाईंवरचा आळ मात्र तसाच होता. संघानं गावात कुणाला काही सांगितलं नव्हतं. म्हणून दीपमालानं कंपनीच्या शिक्क्यानिशी एक वेगळं पत्र मराठीत तयार केलं. फ्रीज बंद पडला त्यात वच्छलाबाईंची काही चूक नाही, पेटी आमच्यामुळं मुकी झाली, असं. पौषात एके दिवशी सकाळच्या एसटीनं ती सिल्लोड, अजिंठा करत सोयगावकडं गेली.

वच्छलाबाई साठीच्या, बारीक अंगाच्या, लंगडत चालणाऱ्या. दीपमालानं त्यांना घरातच सगळं सांगितलं, आपलं नाव न लपवता. त्यांनी पत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं. वाचता येत नव्हतं. म्हणाल्या, "मला वाचून काय करता, बाई? केंद्रावर वाचा. दूध घालायला सारे येतात."

संध्याकाळी केंद्राच्या ओट्यावर माणसं किटल्या घेऊन उभी होती. दीपमालानं पत्र वाचलं.  लोकांनी ऐकून घेतलं. कुणी तिला शिवी दिली नाही, कुणी वच्छलाबाईंची माफीही मागितली नाही. मागं उभ्या असलेल्या पुंजारामनं किटली खाली ठेवली आणि विचारलं, "यात आमच्या गाईंचं काय लिवलंय?"

तिनं कागदाकडं पाहिलं. खरं म्हणजे पाहायची गरज नव्हती.

"काही नाही लिहिलं," ती म्हणाली.

पुंजारामनं मान हलवली, किटली उचलली आणि दूध मापायला पुढं झाला. रांग हलली.

पत्र केंद्राच्या भिंतीला लावलं. वच्छलाबाई म्हणाल्या, कागद बरा झाला. पण चावी त्यांनी दिवाळीतच परत केली होती. आता लोकांच्या नजरेसमोर ते कुलूप उघडायला हात होत नाही, म्हणाल्या. गावातल्या दुसऱ्या कुणाला तरी दिली होती.

एसटीला वेळ होता म्हणून दोघी ओट्याच्या कडेला बसल्या. वच्छलाबाईंनी विचारलं, की बद्रीभाऊंचा फोन कसा बंद झाला. दीपमालानं ते नोकरी सोडून गेल्याचं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "त्यांची आई कशी आहे आता? लई सांगायचे आईचं. दवाखान्यात ठिवलंय म्हणायचे."

"आई गेल्या, मावशी. फ्रीज बंद पडला त्याच्या आदल्या आठवड्यात."

"मग नंतर पेटी चालू करायला फोन केला, तवा बोलले नाय काही. माझ्या गुडघ्याचंच इचारत होते."

वच्छलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. चतुराबाईंना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. दीपमाला शेजारी बसून राहिली. या वेळी तिनं शब्द शोधले नाहीत. एसटी आली तेव्हा वच्छलाबाईंनी तिच्या हातात शेंगांची पुडी दिली आणि पायऱ्या सांभाळून चढायला सांगितलं.